विषय: रीजन्सी काळावरच्या (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडवरच्या) मालिकेची दिशाभूल करणारी जाहिरात

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या ॲपवरच्या मालिकेची सुरुवात 'लंडन, १८१३' या पाटीने होते. जाहिरातीत ती 'ऐतिहासिकदृष्ट्या अचूक' असल्याचं छापलंय, आणि त्याच दाव्यावर पोशाखांवरच्या विशेष भागाचे वेगळे पैसे आकारले जातात. कल्पनारम्य मालिका म्हणून दाखवली असती तर आमचं काही म्हणणं नव्हतं. आक्षेप आहे तो दाव्याला.

सगळ्यात जास्त खटकतो तो पहिल्या भागातला कॉर्सेटचा, म्हणजे नाडीने बांधायच्या बायकांच्या आतल्या कपड्याचा, प्रसंग. दासी जीव खाऊन नाडी आवळते, नायिका कळवळते, पाठीवर लाल वळ दिसतात. पण त्या सुमारास झग्याची कंबर छातीच्या लगेच खाली असे आणि तिथून कापड सरळ पायांपर्यंत सुटे. आतली कंबर आवळून दाखवायची कुणाला? कॉर्सेटचं काम छाती उचलून धरायचं. पुढे मधोमध सरकवलेली लाकडी पट्टी छातीच्या दोन्ही बाजू वेगळ्या ठेवी. शिवाय कॉर्सेट उघड्या अंगावर घालतच नसत. आत लिननची शमीज असे, कारण घाम शमीजला लागतो आणि ती धुता येते. पट्ट्या घातलेली कॉर्सेट रोज कोण धुणार? वळ उठले ते शमीज नव्हती म्हणून. एक साधा कपडा दिला असता तर त्या अभिनेत्रीचे हाल तरी वाचले असते.

त्याच दृश्यात कॅमेरा पाठीजवळ जातो आणि धातूचे चकचकीत आयलेट, म्हणजे नाडी ओवायच्या भोकांच्या कड्या, दिसतात. ते १८२०च्या दशकाच्या अखेरीस आले. त्याआधी टोच्याने भोक पाडून त्याची कड काजासारखी दोऱ्याने बांधत. अशा भोकांना इतका हिसका दिला तर आधी दोरा तुटेल, मग कापड उसवेल. म्हणजे आपला प्रसंग खऱ्या कॉर्सेटवर करताच येणार नाही. भोकंही नेमकी समोरासमोर नसत, थोडी वरखाली असत, आणि एकच नाडी एका टोकाला गाठ मारून नागमोडी ओवत. आपल्याकडे बुटाच्या लेससारखी फुली आहे.

चौथ्या भागात नाचताना नायिका वळते तेव्हा झग्याला चेन दिसते. आजच्यासारखी चेन १९१३ची. बरोबर शंभर वर्षं आधीच ती पोचली! तेव्हा नाड्या, बटणं आणि टाचण्यांवर भागत असे.

विशेष भागात 'अस्सल काश्मिरी विणीची' म्हणून दाखवलेली शाल भारतीय प्रेक्षकांपुढे ठेवताना तरी विचार करायचा होता. निवेदिका ती उलटी करते आणि मागची बाजू पांढरीफटक! म्हणजे नक्षी छापलेली आहे. काश्मिरी शालींच्या कानी विणीत नक्षी रंगीत धाग्यांनी विणतात, त्यामुळे ती मागेही उमटते. शिवाय त्या वर्षांतल्या लांब शालींवर मधला भाग बहुधा साधा आणि मोठ्या बुट्ट्या दोन्ही टोकांना असत. ही अख्खी भरलेली आहे.

इंग्लंडच्या राणी शार्लटच्या दरबारात नायिका साध्या सरळ झग्यात जाते. तिथे तेव्हा परकराखाली मोठा हूप, म्हणजे घेर फुलवणारा सांगाडा, सक्तीचा होता, तोही छातीखालच्या कंबरेवर, म्हणून बाई ढोलात उभी केल्यासारखी दिसे. ही सक्ती १८२०मध्ये राजा चौथ्या जॉर्जने काढली. दिसायला विचित्र होतं हे कबूल, पण अचूक हवं तर तेच दाखवायला हवं.

जेवणाच्या टेबलावर तेव्हा हातमोजे काढून ठेवत, आपल्या पात्रांनी घातलेलेच आहेत. नोकर काडी ओढून मेणबत्ती लावतो. घासून पेटणाऱ्या काड्या विकायला आल्या १८२७मध्ये.

'ऐतिहासिकदृष्ट्या अचूक' हे शब्द जाहिरातीतून आणि मालिकेच्या पानावरून काढावेत आणि विशेष भागाचे पैसे परत करावेत. तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या तरतुदींखाली आम्ही दाद मागू. संबंधित दृश्यांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपले वर्गणीदार