प्रिय बेंजो, माइक चालू होता

सोलापूर,
गणपती बसायच्या आदला रविवार

प्रिय बेंजो,

परवा फोनवर तू विचारलंस, "पगार किती?" मी "काही नाही" म्हटलं आणि तू जो खदाखदा हसलास, त्याला उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून पत्र लिहितोय. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, पण आधी सगळं ऐकून घे. मध्येच शेवटचं पान बघायची तुझी जुनी खोड आहे.

तर गेले तीन महिने दर गुरुवारी संध्याकाळी टॉवेल कारखान्यातला डिस्पॅच आटोपून मी सामुदायिक रेडिओवर गाण्यांचा तासभर कार्यक्रम करतो. स्टुडिओ म्हणजे एक खोली. भिंतींना फोम, दाराला जाड पडदा, आत पंखा बंद. गच्चीवर मनोरा. अशा केंद्राला साधारण शंभर वॅटची ताकद मिळते आणि मनोरा तीस मीटरपेक्षा उंच चालत नाही. म्हणजे आपला आवाज शहर आणि आसपासची गावं एवढाच. पुण्यात तुला मी ऐकू येणार नाही, याचं सुरुवातीला वाईट वाटलं होतं. आता बरंच वाटतं, का ते पुढे कळेल.

पहिल्या कार्यक्रमाला मी आठ पानांची स्क्रिप्ट नेली होती. शाहीर राम जोशी सोलापूरचा, जन्म १७६२. शाहीर अमर शेख बार्शीचा, जन्म १९१६. सगळं पाठ. आवाजसुद्धा लहानपणी ऐकलेल्या निवेदकांसारखा काढला, "रसिकहो" वगैरे. केंद्र सांभाळणाऱ्या ताईंनी दोन पानं ऐकून घेतली आणि विचारलं, "हे कुणाला सांगतोयस?" मी म्हटलं, "श्रोत्यांना." तर म्हणाल्या, "श्रोते कुठं असतात? कुंभारीला एक बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली आहे. दिवसाच्या हजार व्हायच्यात. हात गुंतलेले, डोळे पानावर, मोकळे फक्त कान. तिला सन सांगून काय करणार?"

राग आला बे. पण घरी जाताना अशोक चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा आठवलं, तुमच्या वाड्यात अम्मा अशीच बसायची. कात्रीनं पान कापायचं, जर्दा भरायचा, दोरा गुंडाळायचा, आणि कोनाड्यात तो चामड्याच्या कव्हरातला रेडिओ. आपण स्टेशन बदललं की न बघता ओरडायची. पुढच्या आठवड्यापासून स्क्रिप्ट अर्ध्या पानाची केली आणि तिच्याशी बोलल्यासारखं बोलायला लागलो. "रसिकहो" गेलं. "ऐकलालाव न्हवं?" आलं. ताई काही बोलल्या नाहीत, म्हणजे चाललं.

तांत्रिक भाग तुला आवडेल म्हणून सांगतो. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका ठेवायचा, नाहीतर प, फ, भ फटाक्यासारखे फुटतात. आषाढीच्या कार्यक्रमात मला चौदा वेळा "पंढरपूर" म्हणायचं होतं, कल्पना कर. गाण्याच्या सुरुवातीला नुसती वाद्यं किती सेकंद वाजतात ते आधी मोजून कागदावर लिहायचं; अठरा सेकंद असतील तर सोळाव्याला तोंड बंद. गायकाच्या पहिल्या शब्दावर बोलणं हे पाप. आणि गाणं सुरू झालं की माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढायचा.

तो मी तिसऱ्या गुरुवारी ओढला नाही.

गाणं चालू, मी खुर्चीत रेलून आवाजाच्या मिक्सरवर बसलेल्या पोराला म्हणतोय, "पाणी दे बे, घशाला कोरड पडली, अजून अर्धा तास रेटायचाय." सगळं हवेत गेलं. पोरानं काचेवर हात आपटले तेव्हा कळलं. नियम असा आहे की प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं, त्यामुळे माझी ती कोरड अधिकृतरीत्या जतन आहे. लाजेनं दोन दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्याबाहेरच्या टपरीवर गेलो. चहावाल्यानं चहाच्या आधी, न मागता, पाण्याचा ग्लास ठेवला. बोलला काही नाही, नुसता दात काढत होता. बेंजो, खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की पलीकडे कुणीतरी आहे. पुण्यापर्यंत ऐकू जात असतं तर हा ग्लास मिळाला नसता.

आता गाण्यांचं. तुला वाटत असेल, मोबाइलवरची गाणी लावत असेन. तसं जमत नाही. कंपनीच्या रेकॉर्डिंगचे हक्क असतात, त्याचे पैसे भरावे लागतात. आणि निदान निम्मे कार्यक्रम इथल्याच माणसांनी बनवलेले असावेत असा दंडकही आहे. बातम्यांना तर हातच लावायचा नाही, त्या आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणून मी रेकॉर्डर पिशवीत टाकून हिंडतो. आणि तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पस्तीस वर्षं या गावात काढली, आणि गाव चार भाषांत गातं हे फक्त जत्रेपुरतं माहीत!

विजापूर वेशीजवळच्या एका आज्जींना स्टुडिओत आणलं. सिद्धरामेश्वरांची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांची, कन्नड वचनं (छोटी भक्तिपर पदं) त्यांना तोंडपाठ, बाराव्या शतकातली. आपण सिद्धेश्वरांच्या जत्रेत, गड्ड्याला, जाऊन पाळण्यात बसायचो, नंदीध्वज बघायचो, पण सिद्धेश्वरांनी काही लिहून ठेवलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, माझं लक्ष पाळण्याकडे. गंमत म्हणजे रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की आज्जी गप्प. तीनदा झालं. मग म्हणाल्या, "लाल म्हंजे थांब की रे." शेवटी दिव्यावर रुमाल टाकला. मग थांबेचनात.

वचनांचा अर्थ मला कळत नव्हता, तो त्यांच्या नातीनं सांगितला, तोही तसाच लावला, तिच्या अडखळण्यासकट. त्या आठवड्यात जेवढे फोन आले तेवढे माझ्या राम जोशीला आले नव्हते.

आता काम. पितृ अमावस्येपासून बतुकम्मा, तुमचा तेलुगू बायकांचा फुलांचा सण, सुरू होईल. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, नऊ दिवस बायका फेर धरतील. आठवतंय, अम्मा आपल्याला सायकलवर तरवडाची पिवळी फुलं आणायला पिटाळायची, आणि आपण निम्मी वाटेत सांडायचो? आणि शेवटचा तो गुळाचा मलिदा? मी इथल्या काही जणींना विचारलं. त्या म्हणाल्या, हल्ली स्पीकरवर सीडी लावतो आणि त्यावर टाळ्या देतो. मला सीडी चालत नाही, आणि चालली असती तरी नको होती. पारंपरिक गाण्यावर कुणाचा हक्क नाही, पण त्या सीडीवर आहे. मला अम्माचा आवाज पाहिजे. ओळ संपताना ती जो "उय्यालो" ओढायची, तो.

गुडघ्यांमुळे तिला सोलापूरला येणं जमणार नाही हे माहीत आहे. म्हणून तूच रेकॉर्ड कर. पंखा, फ्रिज बंद. कुकर लावायचा नाही. फोन वीतभर अंतरावर, उशीवर ठेव, हातात धरू नकोस. तू मध्ये बेंजो वाजवायचा नाहीस, ही अट आहे. गाऊन झाल्यावर लगेच बंद करू नकोस, ती नंतर जे बोलेल तेही पाहिजे. संमतीचा कागद सोबत जोडलाय, त्यावर तिची सही घे.

आणि भिंतीवरचं ते जुनं घड्याळ तेवढं उतरवून दुसऱ्या खोलीत ठेव. फोनवर बोलतानासुद्धा त्याची टिकटिक ऐकू येते.

तुझाच,
गुरुवारचा बडबड्या