लंबूस, शिव्या घालायच्या आधी वाच

प्रिय लंबू,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही, घाल शिव्या. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून कुरकुरते. पण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

गेल्या शुक्रवारी आमच्याकडून लोकांना एकच बिल दोनदा गेलं. तिसऱ्यांदा! रात्री साडेअकराला 'लेसन्स लर्न्ड' नावाची फाइल उघडली, तर पहिल्या वेळची नोंद माझीच, उपाय काय लिहिलाय तर 'यापुढे काळजी घ्यावी'. हसू नकोस. आणि यंदा सगळ्यात जास्त ट्रेनिंग तासांची ट्रॉफी आम्हालाच, म्हणजे एका टॅबमध्ये व्हिडिओ म्यूट करून चालू, क्विझची उत्तरं ग्रुपवर.

खरं दुखणं वेगळंय. टीममधली सगळ्यात नवी मुलगी महिन्यापूर्वी म्हणाली होती, बिलांची रन (सगळी बिलं एकदम पाठवणारा प्रोग्राम) संपताना एक पिवळी वॉर्निंग दरवेळी येते, का येते बघूया का? आणि मी म्हणालो, 'ती नेहमीच येते गं, सोड.' शब्दन्‌शब्द हेडमास्तरचं, आपल्या जुन्या बॉसचं वाक्य! तुला बोलला होता तेच, मी शेजारी वहीत चौकोन काढत बसलेलो. तू अजून म्हणतोस मी तेव्हा हसलो. साफ खोटं, गप्प होतो. ते जास्त वाईट असेल तर असेल.

तेव्हापासून नुसता वाचत सुटलोय. नासाचं बघ, 1986ला चॅलेंजर यान गेलं, चौकशी झाली, बदल झाले, आणि तरी 2003ला कोलंबिया यानही गेलं. इंधनाच्या टाकीवरचा फोम सुटून यानाला लागणं आधीही झालेलं, पण यान परत यायचं, म्हणून ते 'चालतंय'च्या खात्यात. आमची पिवळी वॉर्निंगच की! संस्था कशा शिकतात यावर लिहिणाऱ्या क्रिस आर्जिरिसचा थर्मोस्टॅट आठवतो? खोली गार झाली की हीटर चालू करतो, पण मुळात हेच तापमान का, हे विचारत नाही. आम्ही तेच, बिलं मागे घ्या, माफीचा मेल टाका, संपलं. रन दोनदा सुटतेच कशी, कुणी विचारलंच नाही. म्हणजे एकीनं विचारलं होतं.

टोयोटात लाइनवरचा कामगार दोरी ओढतो, लीडर धावत येतो, नाहीच सुटलं तर लाइन थांबते. आम्हीही तसलं चॅट चॅनल काढलेलं (तुझीच आयडिया, सॉरी), आता त्यात फक्त वाढदिवस. दोरी कुणीही बांधेल रे, पण येणारा माझ्यासारखा आठ्या घालून आला तर परत कोण ओढेल?

तिला सॉरी म्हणालो. 'इट्स ओके सर' म्हणाली, आणि त्यानंतर मीटिंगमध्ये एक शब्द नाही.

तुझा नवा जॉब कसाय? वहिनींना नमस्कार, पोरीचे मार्क कळव. आणि हेडमास्तरला लिहिलेला तो मेल असेल तर पाठव, सोमवारी रिव्ह्यू आहे, त्याआधी.

तुझाच,
ढब्बू