दोन तारांची अदलाबदल

इंदूर,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मित्रा,

आजोबांचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर आज गायला! आठ दिवस नुसतं भोकाड पसरत होता. फोनच करणार होतो, पण वहिनी झोपल्या असतील.

त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला, पावसाळ्यात गेला. जेल रोडवर भंगारातून एक जुना मिळाला. पाच तारा, पाचही रंग उडून मातकट. मीटर लावला. दोघींत एक ओहमसुद्धा नाही, ती स्पीकरची बाजू. उरलेल्या तिघींत एकीपासून दुसरीपर्यंत 132, तिसरीपर्यंत 148, टोकाटोकांत 280. म्हणजे ती एक मधली, हाय व्होल्टेजची. दोन्ही निम्मे सारखे नाहीत म्हणून धसकलो होतो. पण वेढे तितकेच असले तरी बाहेरच्या गुंडाळीला तार जास्त लागते. मग सुट्या ट्रान्सफॉर्मरच्या टोकांना 6.3 व्होल्ट एसी दिले, स्पीकरकडे 0.2 आले. साधारण 31 पट, वर्ग केला की हजाराच्या आसपास, आणि ओहम त्या वर्गाच्या पटीत दिसतात. 8 ओहमचा स्पीकर ईएल 84 व्हॉल्व्हच्या जोडीला 8 हजार ओहम दिसणार, हवं तेच. (उलटं करू नकोस हां. स्पीकरकडून 6.3 दिलेस तर पलीकडे 200 व्होल्ट उभे राहतात.)

जोडला, चालू केला, आणि अशी किंकाळी फुटली की शेजारच्या काकू गच्चीत धावल्या. व्हॉल्यूम शून्यावर, तरी तेच. एका मेकॅनिकने "भिया, ये तो गया" म्हणून हात वर केले. मी मूर्खासारखे कपॅसिटर बदलत बसलो.

अरे, व्हॉल्यूमने फरक पडत नाही म्हणजे दंगा त्याच्या पुढे चाललाय, एवढं कळायला मला चार दिवस लागले! स्पीकरकडून ईसीसी 83 या आधीच्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला (त्याच्या एका टोकाला) फीडबॅकची, म्हणजे आवाजाचा थोडा भाग मागे नेणारी, तार येते ना, ती काढली. किंकाळी बंद, गाणं सुरू, फक्त जरा भडक. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या टोकाच्या दोन तारा उलट लागल्या होत्या. आवाजाला लगाम घालायचा तो फीडबॅक त्यालाच चाबूक मारत होता. प्लग काढला, कपॅसिटरमधले 300 व्होल्ट रेझिस्टरमधून उतरवले, मीटरवर शून्य पाहिलं, आणि दोन्ही ईएल 84 च्या 7 नंबरच्या पिनांवरच्या त्याच दोन तारांची अदलाबदल केली. फीडबॅक पुन्हा जोडला, तसा आवाज किंचित बसला आणि निवळला.

मग गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा राग लावला. काकू पुन्हा गच्चीत आल्या, पण या वेळी खुर्ची घेऊन.

दिवाळीला येताना तुझा बंद पडलेला व्हॉल्व्हचा डबा घेऊन ये. तोवर स्पीकर न जोडता चालू करून बघू नकोस, ट्रान्सफॉर्मर जाईल.

तुझाच,
इंदूरकर