आबांची वही

कोरेगाव, जि. सातारा

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आबांच्या तेराव्याला तुला येता आले नाही, याची रुखरुख तुझ्या पत्रात दिसली. ती मनाला लावून घेऊ नकोस. शेवटच्या महिन्यात तू रोज फोन करत होतास, त्याचे त्यांना फार अप्रूप होते. वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी तू पाठवलेला मजकूर मी दोनदा वाचला. ‘एकाहत्तरच्या युद्धातील वीर योद्धा’ अशी त्याची सुरुवात आहे आणि सायकलच्या दुकानाच्या वाट्याला अगदी शेवटी एक ओळ आली आहे. त्यात खोटे असे काही नाही, पण प्रमाण चुकले आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आबा १९६३ साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. आदल्याच वर्षी चीनशी युद्ध झाले होते आणि फौज वाढवली जात होती, त्यामुळे भरती जोरात होती. सातारा जिल्ह्यात फौजेत जाणे हा तेव्हाही पराक्रम मानला जात नव्हता, तो पोटाचा रस्ता होता. जवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धापासून घरटी माणसे फौजेत जात आली आहेत. आबांच्या घरी कोरडवाहू अडीच एकर जमीन आणि चार भाऊ होते, एवढे सांगितले म्हणजे त्यांच्या भरतीचे कारण वेगळे सांगायला नको.

युद्धाचे म्हणशील, तर त्यांची पलटण पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ती ब्रह्मपुत्रा ओलांडून पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या दक्षिणेला वाट अडवून बसली. १० डिसेंबरच्या रात्री आतल्या पाकिस्तानी फौजेने वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो मराठ्यांनी हाणून पाडला आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले. आपल्या बाजूच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरणागतीसाठी पत्र धाडले आणि समोरच्या पाकिस्तानी कर्नलने उत्तरादाखल कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी पाठवली, ही गोष्ट आता सगळीकडे वाचायला मिळते. आबांना ती पुष्कळ वर्षांनी वर्तमानपत्रातून कळली. ‘आम्हाला खंदकात कोण सांगणार? आम्हाला फक्त थंडी ठाऊक,’ असे म्हणून त्यांनी पेपर घडी करून ठेवला. त्या रात्रीविषयी त्यांनी आम्हाला कधीही काही सांगितले नाही. एवढेच माहीत आहे की, त्या दिवसांत खिशातल्या शक्करपाऱ्यांवर त्यांना बराच काळ काढावा लागला होता, आणि त्यानंतर दिवाळीत तुझ्या आजीने केलेल्या शंकरपाळ्यांना त्यांनी जन्मात हात लावला नाही.

युद्ध तेरा दिवसांचे होते. पुढच्या वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आबा पलटणीत होते आणि तुझी आजी, मला कडेवर घेऊन, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. रेशनवर लाल मिलो मिळत होता. आबांची मनिऑर्डर यायची, तिच्या खालच्या चिटोऱ्यावर ‘मी खुशाल आहे, पैसे जपून वापरणे’ एवढेच असायचे. आजी ती चिटोरी डब्यात जपून ठेवायची, आणि चिडली की तीच बाहेर काढून वाचून दाखवायची.

१९८० साली आबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावाने त्यांना लगेच ‘मेजर’ केले, कारण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. ते पहिली दोन वर्षे प्रत्येकाला ‘हवालदार म्हणा’ असे सांगत होते, मग त्यांनी नाद सोडला. त्याच सुमारास एका बँकेत बंदूकधारी पहारेकऱ्याची नोकरी चालून आली होती. त्यांनी ती नाकारली. ‘आयुष्यभर पुरेल एवढा पहारा देऊन झाला,’ असे ते म्हणाले आणि एसटी स्टँडजवळ त्यांनी सायकलचे दुकान टाकले. आजीने हे त्यांना शेवटपर्यंत माफ केले नाही. पगार, फंड, तुझ्या मामाचे शिक्षण, असा सगळा हिशेब ती बोटांवर मांडून दाखवायची, आणि खरे सांगायचे तर मला आजही तिचा हिशेब बरोबर वाटतो.

तरी ते दुकान त्यांनी बत्तीस वर्षे चालवले. सकाळी सहाला फळ्या उघडायच्या. पंक्चरची ट्यूब टबात बुडवून बुडबुडा शोधायचा, जागा पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन लावायचे आणि ते सुकेपर्यंत गप्प बसायचे. गिऱ्हाईक कितीही घाई करो, ठिगळ त्याआधी चिकटवायचे नाही. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना ते बोट रिमपाशी धरून डोळे मिटायचे आणि कुठल्या तारेला किती पीळ द्यायचा ते बोटाला समजायचे. पावसाळ्यात छर्रे रॉकेलात धुऊन, पुसून, ग्रीस भरून बसवताना रात्रीचे दहा वाजत. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी ते तासभर लिंबू आणि रॉकेलने नखे घासत होते, तरी कन्यादानाच्या वेळी नखांच्या कडा काळ्याच होत्या. शाळेत असताना मला त्या हातांची लाज वाटायची. मैत्रिणींबरोबर दुकानावरून जाताना मी पलीकडच्या बाजूने चालायचे. आबांनाही ते कळत असावे, कारण मी दिसले की ते मान खाली घालून कामात असल्यासारखे करत. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’, ही त्यांची एकाहत्तरच्या युद्धाची दोन पदके तू ट्रंकेत शोधलीस, असे मामा म्हणाला. ती ट्रंकेत नाहीत. दुकानातल्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या पत्र्याच्या डब्यात होती, आता माझ्याकडे आहेत. अंत्ययात्रेला माजी सैनिक आले, त्यांनी सलामी दिली, ते योग्यच झाले. पण त्यांच्या मागे जी दोनशे-अडीचशे माणसे उभी होती, ती जमालपूरसाठी आलेली नव्हती. त्यांतली निम्मी माणसे आबांच्या भाड्याच्या सायकलींवर पडत-झडत सायकल शिकली होती.

तुझा मजकूर लिहून काढताना उपयोगी पडावी म्हणून भाड्याच्या सायकलींची एक वही सोबत पाठवते आहे. आबा वेळ फौजेच्या पद्धतीने, चोवीस तासांच्या हिशेबाने लिहीत, त्यामुळे स्टँडमागच्या पोरांना ‘सोळा वाजून दहा’ म्हणजे किती हे शाळेच्या आधी दुकानात समजायचे. मे २००० चे पान उघड. सायकल क्रमांक ७, नाव ‘अनिकेत (नातू)’, नेली १६:२०, आणली १७:४०, भाडे दोन रुपये, उशीर वीस मिनिटे, आणखी एक रुपया. तू तेव्हा आठ वर्षांचा होतास. ते तीन रुपये त्यांनी संध्याकाळी माझ्याकडून घेतले आणि गल्ल्यात टाकले.

तुझी,
आई