बाबा, शनिवारी सही करा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सैन्यातून घरी आल्याला चौतीस वर्षं झाली, आता पेन्शन काय मागायची?" एसटीच्या गोंगाटात मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

गणपतीत आले होते तेव्हा काळ्या ट्रंकेतल्या तुमच्या कागदांचे फोटो काढून आणले होते. सैन्याच्या मेडिकल बोर्डाचा कागद घडीवर विरलाय, मागून आईनं खाकी चिकटपट्टी लावली आहे. अपंगत्व 20 टक्के. आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीत वाढलेलाही नाही, असं बोर्डानं लिहिलंय. भरतीच्या वेळी धडधाकट होतात. पहिली फिट, म्हणजे अपस्माराचा झटका, आली लेहला, रात्रीच्या पहाऱ्यावर. तरी 1991 मध्ये, नऊ वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी देऊन घरी पाठवलं, पेन्शन नाही.

धरमवीर सिंग म्हणून एक जवान होते. त्यांनाही फिटच. 1994 मध्ये तेही नऊ वर्षांनी बोर्ड आउट झाले, म्हणजे आजारामुळे सैन्यातून घरी पाठवले गेले, तेही 20 टक्क्यांवर. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीतच झाला असं धरायचं. तसं नसेल तर का नाही, ते बोर्डानं दाखवायचं. जवानानं पुरावे शोधत फिरायचं नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता पैसे कधीपासून, ते. तरसेम सिंग हेही सैन्यातले, ते 1983 मध्ये बोर्ड आउट झाले आणि 1999 मध्ये कोर्टात गेले. उच्च न्यायालयानं 1983 पासूनची थकबाकी द्यायला सांगितली होती. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये ती कापून अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांवर आणली. पेन्शन न देणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय आहे, म्हणून उशिरा आलेल्यालाही दार उघडं, असं तोच निकाल म्हणतो. मग 1991 सालचा महिना त्यात का नाही? मला हे पटत नाही. घरी पाठवलं त्या दिवसापासून पैसे सुरू व्हायला हवेत. तुम्ही हक्कावर झोपून नव्हता बाबा, असा हक्क आहे हेच तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

आई, 2003 च्या दुष्काळात तू दुभती म्हैस विकलीस. त्यातून बाबांच्या गोळ्या आल्या आणि माझी फी भरली. तीन वर्षांच्या हिशेबात ती म्हैस कुठेच बसत नाही.

पण आज नियम हा आहे, आणि त्यात रोज आपलं नुकसान होतंय. तीन वर्षं मोजायची ती अर्जाच्या तारखेपासून मागे. आपण महिनाभर थांबलो की मागचा एक महिना हातचा गेला. तुम्ही "दिवाळीनंतर बघू" म्हणालात, ते म्हणजे दोन महिने गेले.

मुंबईला सशस्त्र सेना न्यायाधिकरण, म्हणजे सैनिकांच्या अशा तक्रारींचं कोर्ट आहे, अर्ज तिथे करायचा. वकिलांशी बोलले आहे. शनिवारी सकाळच्या गाडीनं येते, वकीलपत्रावर तुमची सही लागेल. तो विरलेला कागद लॅमिनेट करू नका, झेरॉक्स मीच काढीन. आई, गोळ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या पिठाच्या डब्यामागे ठेवतेस ना, त्या सगळ्या काढून ठेव.

तुमची लेक