‘मनाचं आहे’ म्हणून बाईला परत पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या महिला पुरवणीत खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याबद्दलचा लेख वाचला. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम त्यात चांगले समजावले आहेत. पण एकदम घाई लागून धीरच निघत नाही, हा जो दुसरा त्रास, त्याला लेखात एकच ओळ मिळाली: ‘मानसिक ताण टाळावा.’ मी गुहागर तालुक्यात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. असा सल्ला मिळालेली बाई मान डोलावते, घरी जाते आणि पुन्हा कधी हा विषय काढत नाही.

यात मनाचा वाटा असतो, हे खरंच आहे. मूत्राशय कधी आवळायचं, कधी थांबायचं, यावर मेंदूचा ताबा असतो. आमच्या शेजारच्या वाडीतली एक मासळीवाली बाजारात तासन् तास बसायची, काही व्हायचं नाही. घरी येऊन कुलपाला किल्ली लावली, की उंबऱ्यातच लुगडं ओलं! दार दिसलं, नळाचं पाणी वाजलं की घाई लागायची, अशी शरीराला सवयच जडते. पावसाळ्यात पागोळ्यांच्या आवाजानेसुद्धा तिचा जीव वरखाली व्हायचा.

मग भीती बसली. बाजाराच्या दिवशी ती पाणीच पिईना. त्याने लघवी गडद होऊन जळजळ वाढली. निघण्याआधी दोन-दोनदा जाऊन यायची, त्यामुळे थोडं साठलं तरी धरवेना. एसटी नको, लग्न नको, गौरीला माहेरही नको. काळजीने आणि उदासीने हा त्रास वाढतो, आणि त्रासाने उदासी. सून म्हणाली, ‘आईंच्या मनाचे खेळ.’

तिची लघवी आणि साखर तपासली, अंग (गर्भाशय) बाहेर येतंय का तेही डॉक्टरांनी पाहिलं. ते आधी व्हायलाच हवं. त्यानंतर तिला शिकवलं ते एवढंच: घाई लागली की धावायचं नाही. जागीच थांबून खालचे स्नायू पाच-सहा वेळा आवळायचे, कळ ओसरू द्यायची, मग सावकाश जायचं. दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. तिला लिहिता येत नव्हतं, नात कॅलेंडरवर रेघा मारायची. याला आठवडे लागतात, चार दिवसांत गुण येत नाही. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, पण त्या वर्षी गौरीला माहेरी गेली.

तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगरची तपासणी उपकेंद्रात होतेच. तेव्हाच प्रत्येक बाईला, पुरुषांचे कान नसतील अशा जागी, ‘लघवी धरवते ना?’ एवढं विचारावं. आपण होऊन कोणी सांगत नाही. आणि पुरवणीच्या पुढच्या अंकात या दुसऱ्या त्रासालाही अर्धं पान द्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी