परदेशी पोस्टकार्डे : टपाल दिनाची वाट पाहू नका

महोदय,

९ ऑक्टोबरच्या जागतिक टपाल दिनाच्या सुमारास शाळांनी परदेशी वर्गांना पोस्टकार्डे पाठवल्याच्या सचित्र बातम्या येतात. उपक्रम उत्तमच. पण उत्तरे आल्याची बातमी पुढे क्वचितच दिसते, आणि त्यात बऱ्याचदा दोष त्या तारखेचाच असतो. विमानटपालाचे कार्ड कधी दोन-तीन आठवड्यांत पोहोचते, कधी दोन महिनेही घेते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे शालेय वर्ष डिसेंबरात संपते. मॉरिशसचे त्याही आधी, नोव्हेंबरच्या आसपास. तिथे प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाते, त्यामुळे मराठी शाळांना तो देश साहजिकच जवळचा वाटतो. ऑक्टोबरात टाकलेले कार्ड या देशांत ऐन परीक्षेत किंवा सुट्टीत पोहोचते आणि शाळा उघडते तेव्हा मुले पुढच्या वर्गात गेलेली असतात. तिकडची कार्डे जुलैतच गेली पाहिजेत. युरोप-अमेरिकेत शाळा ऑगस्टअखेर-सप्टेंबरात सुरू होतात. तिथे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवावे आणि नाताळच्या सुट्टीआधी उत्तर टाकायचे, हे समोरच्या शिक्षकांशी ईमेलवर आधीच ठरवून घ्यावे. जपानचे वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणजे आपल्याला सर्वांत सोयीचे.

दुसरी अडचण पटसंख्येची. आपले ३८, त्यांचे २२. मुलाला मूल जोडून दिले की एक कार्ड हरवताच एक मूल रिकाम्या हाताने बसते. म्हणून वर्गाला वर्ग जोडावा. प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात ‘५ब-१७’ असा क्रमांक घालावा, एका वहीत पाठवल्याची आणि पोहोचल्याची तारीख लिहावी, चार-पाच कार्डे जादा तयार ठेवावीत. पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले तर हरवलेले कार्ड निदान ईमेलने तरी दाखवता येते.

पत्त्याच्या बाजूचा उजवा अर्धा भाग फक्त पत्ता आणि तिकिटांसाठी. तळाची सुमारे दीड सेंटिमीटर पट्टी कोरी सोडावी, कारण परदेशात पत्रे वेगळी करणारे छाननीयंत्र तिथे रेघांचा संकेत (बारकोड) छापते. मजकूर तिथवर उतरला की यंत्र गोंधळते. आपला पत्ता मोठ्या अक्षरांत उजवीकडेच लिहिला, तर कार्ड फिरून शाळेतच परत येऊ शकते. तो डावीकडे वर, बारीक अक्षरांत हवा. देशाचे नाव शेवटच्या ओळीत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. मुख्याध्यापकांचा गोल शिक्का हौसेने मारला जातो आणि नेमका पिनकोडवर बसतो. तो डाव्या बाजूलाच शोभतो. तारीख लिहिताना महिना अक्षरी लिहावा. ५/९ म्हणजे आपला ५ सप्टेंबर, अमेरिकेत ९ मे.

जेल पेनची शाई पावसाळी हवेत पसरते, साधे बॉलपेन बरे. तिकिटांचा मूळ गोंद अनेकदा पुरत नाही. ग्लू स्टिक फिरवावी. फेव्हिकॉल जास्त झाला की कार्ड वाकते. चमकी, टिकल्या, चिकटवलेले कापड यंत्रात गळून पडते. पिंपळाचे वाळलेले पान, तांदूळ, बिया कार्डावर किंवा सोबत अजिबात नकोत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तपासणीत पाकीट अडकते.

सगळी कार्डे एका पाकिटात घालणे स्वस्त पडते. ३०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या जाड कागदाचे) ए-६ म्हणजे पोस्टकार्डाच्या आकाराचे कार्ड साडेचार-पाच ग्रॅमचे, म्हणजे ३० कार्डांचे वजन साधारण १४० ग्रॅम. मात्र पाकीट हरवले की सगळेच गेले, आणि तिकीट व टपालाचा शिक्का ही मुलांना वाटणारी निम्मी गंमतही त्यात नाही. कार्डे सुटी-सुटी पाठवली तर दोन-तीन गहाळ होतात, बाकी पोहोचतात. माझे मत सुट्या कार्डांच्या बाजूने आहे. पाकीटच करायचे तर निदान दोन करावीत, वेगवेगळ्या दिवशी टाकावीत. त्यात चॉकलेट, राखी किंवा नाणे घालू नये, कारण वस्तू आली की सीमाशुल्काचे फॉर्म आले.

मजकुराबद्दल थोडे कडक बोलायला हवे. फळ्यावरचे पाच वाक्यांचे पत्र उतरवून घेतले की ३० कार्डांवर एकच ‘माझा देश महान आहे’ जातो आणि समोरच्या वर्गाला दुसरे कार्ड वाचायचेही कारण उरत नाही. मुलांनी स्वतःच्या डब्याबद्दल, शाळेच्या वाटेबद्दल चार वाक्ये लिहावीत आणि शेवटी उत्तर द्यावेच लागेल असा एक प्रश्न विचारावा : तुमच्या शाळेला पावसामुळे सुट्टी मिळते का? इंग्रजी चुकले तरी चालेल, पण दोन ओळी मराठीत असाव्यात. मुलाचे फक्त पहिले नाव, पत्ता शाळेचा. घरचा पत्ता, फोन, फोटो नको.

शेवटी टपाल खात्याला एक विनंती. देशांतर्गत ५० पैशांचे कार्ड तसेच टाकले तर परदेशी जात नाही, हे अनेक शिक्षकांना ठाऊक नसते, आणि परदेशी पोस्टकार्डाचा दर विचारला तर काही काउंटरवर पाकिटाचा दर सांगितला जातो. चालू दराचा मराठी फलक लावावा आणि जून-जुलैत तेवढ्या किमतीची तिकिटे तालुक्याच्या पोस्टात मिळावीत. शाळेने ४० कार्डांसाठी पुण्या-मुंबईच्या जीपीओत (मुख्य टपाल कार्यालयात) माणूस पाठवावा, ही अपेक्षा बरोबर नाही.

– एक शिक्षिका, कराड